दहा वर्षांचा फ्रिज

इचलकरंजीच्या एका दुकानात हेमांगी फ्रिज विकायची. महिनाभरात तिच्याकडून जादा वॉरंटी एकही खपली नव्हती. मुख्य कार्यालयातून आलेले दाभाडेसाहेब सगळ्यांदेखत कडाडले, "आज एक तरी विका, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

तेवढ्यात एक आजी आल्या. साहेबच पुढे सरसावले.

"आजी, हा फ्रिज डोळे मिटून घ्या. दहा वर्षं बिघडणार नाही!"

आजी तयार होताच ते हेमांगीच्या कानाशी कुजबुजले, "आता वर्षात बिघडतो म्हणून सांगा आणि वॉरंटी गळ्यात मारा."

हेमांगी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सांगते की, साहेब. पण आजींनी विचारलं, तर तुमची दहा वर्षं खरी म्हणू की माझं एक?"

आजी खुदकन हसल्या. "फ्रिज तेवढा द्या. आणि पुढच्या महिन्यात मिक्सर घ्यायला येईन, तेव्हा मला हीच मुलगी इथं दिसली पाहिजे!"