जास्तीची बांगडी

वनमाळी महाराजांचा मुक्काम त्या साली नीरेकाठच्या हिवरडी गावी होता. घाटावरच्या महादेवाची ओवरी, एक घोंगडी आणि एक तुंबा, एवढाच त्यांचा संसार. सुरुवातीला गाव लोटले. पण महाराज अंगारा देत नसत, भविष्य सांगत नसत, विचारले तर हसत आणि पुन्हा गप्प बसत. असल्या साधूचे करायचे काय? गावाचा उत्साह लवकरच ओसरला. रोज दुपारी भाकरी घेऊन येणारी एकच बाई उरली, ती तानू कासारीण. ही कथा तिची आहे, आणि श्रोत्यांनी ती जरा मन घट्ट करून ऐकावी, कारण तिच्यात सुख फार थोडे आहे.

तानूचा नवरा बांगड्यांची पेटी घेऊन बाजारातून परतत होता, तेव्हा याच घाटासमोर नाव उलटली. पेटी कोळ्यांनी काढून दिली. माणूस मात्र गेला. घरात आंधळी सासू, पदरात दोन मुली आणि मागच्या पडवीत काचेची भट्टी. भाऊबंद म्हणाले, भट्टी विकून टाक आणि आमच्या दारी येऊन राहा. तानूने डोळे पुसले आणि नवऱ्याची सळई उचलली. हिवरडीत तोवर भट्टीसमोर बाई बसली नव्हती. ही बसली. गाडी जोडून पंचक्रोशीच्या बाजारांत पथारी मांडू लागली. नवऱ्याने टाकलेल्या, घरच्यांनी हाकललेल्या बायका तिने एकेक करून कामाला घेतल्या. पाच-सहा घरच्या चुली त्या एका भट्टीवर पेटत होत्या. सासूची खाट तिने भट्टीच्या भिंतीला लावून ठेवली होती. म्हातारी त्या उबदार भिंतीवर हात ठेवून पडलेली असे. भिंत ऊन आहे तोवर घर चालले आहे, एवढे तिला कळत असे.

तानू एकच काम करत नसे. बांगड्या ती घडवी, पण भरत नसे. विधवेने सवाष्णीच्या हातात काच भरू नये, ही रीत. भरायचे काम तिची जाऊ बयजा करी. मोजून झाल्या की आपल्या घरची एक बांगडी जास्तीची घाली, मग बाई वाकून नमस्कार करी आणि बयजा आशीर्वाद देई. तानू तेव्हा तोंड फिरवून पेटी आवरत बसे.

वैशाखात इनामदारांच्या विश्वंभरपंतांचे लग्न निघाले. चुडा भरायच्या दिवशीच बयजाला सणकून ताप आला, म्हणून तानू एकटीच पेटी घेऊन इनामदारांकडे गेली. घरच्या बायकांनी भरून पाहिल्या. नवरीच्या, उमेच्या हाताला रक्त आले. पोर रडकुंडीला आली आणि तिने हात काढून सरळ तानूच्या मांडीवर ठेवला. तुम्हीच भरा, म्हणाली. तानूने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. कोवळा हात मांडीवर तसाच होता. तिने तो दाबून मऊ केला आणि एकेक बांगडी अलगद चढवली. जास्तीची तेवढी हातात घेतली होती, इतक्यात इनामदारांच्या पत्नी, विश्वंभरपंतांच्या आई सुभद्राबाई आत आल्या.

"या पांढऱ्या पायाच्या बाईचा हात माझ्या सुनेला कुणी लावू दिला?"

त्यांनी उमेला दंडाला धरून उठवले. नमस्कार राहिला, आशीर्वाद राहिला, ती एक बांगडी तानूच्या मुठीत राहिली. सगळ्या बायका खाली बघत बसल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींच्या हातांत तानूच्याच भट्टीची काच होती.

तानू तडक घाटावर आली. ती ओवरीपुढून जात असताना महाराजांनी विचारले, काय घेऊन निघालीस? बांगडी नदीला द्यायची आहे, असे तिने सांगितले. महाराजांनी आपला वाळक्या काटकीसारखा हात पुढे केला.

"नदीला कशाला? मला भर."

"म्हाराज, पुरुसाच्या हातात काच?"

"चुड्यातली आहे बाई. चुड्यासाठी कुणीतरी जागं राहायला हवं."

तिने भरली. आणि रीत म्हणून महाराज उठले आणि तिच्यापुढे वाकले. तानू दगडासारखी उभी राहिली. तिला आशीर्वाद द्यायचे सुचले नाही, तिने तो कधी दिलाच नव्हता. घाटावर धुणे धुणाऱ्या बायका खदखदल्या. ही गोष्ट सुभद्राबाईंच्या कानावर गेली तेव्हा त्या म्हणाल्या, कासारणीला एकदाचे गिऱ्हाईक मिळाले, तेही गोसावड्याचे.

त्यांच्या एका शब्दाने गावाने तानूचा माल टाकला. मग आसपासच्या बाजारांतही कुजबुज पोहोचली. तानूच्या पथारीवर माश्या बसू लागल्या. तरी तिने कामाच्या बायकांपैकी एकीलाही घरी पाठवले नाही. आपल्या ताटातले त्यांच्या पदरात घालत राहिली.

श्रावणात नीरा दुथडी भरली. एके दुपारी तानू भाकरी घेऊन ओवरीत गेली तर महाराज नखशिखान्त भिजून बसलेले. त्या दिवशी पावसाचा थेंब नव्हता. मनगटाला चिंधी गुंडाळली होती आणि चिंधीतून रक्त येत होते. बांगडी दिसत नव्हती.

"वाढली?" तानूने विचारले. फुटली हा शब्द कासारणीच्या तोंडी येत नाही.

"वाढली," महाराज म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

तानूने भाकरी त्यांच्यापुढे ठेवली. ती घाट चढते तोच वरून माणसे ओरडत आली. पैलतीराहून येणारी नाव भोवऱ्यात सापडून उलटली होती. बाकीचे काठाला लागले. विश्वंभरपंत तेवढे लागले नाहीत. नावाड्याने त्यांना भोवऱ्यात जाताना डोळ्यांनी पाहिले होते.

तेव्हा तानूच्या मनात जे आले ते सांगायलाच हवे. लोक म्हणत होते तोवर तिने सोसले होते. आता तिचे तिलाच पटले. आपण भरलेली बांगडी वाढली आणि त्याच वेळी तो पोरगा गेला. आपला हातच तसला. नवऱ्याला आपण खाल्ले, आता याला.

शोध चालला. खाली कुठेतरी उपरणे सापडले, माणूस सापडेना. मग एके सकाळी इनामदारांची माणसे तानूच्या पडवीत शिरली आणि पेटत्या भट्टीवर घागरी ओतल्या. भट्टी कडाडली आणि मधोमध उकलली. कामाच्या बायका रडत आपापले गाठोडे घेऊन निघाल्या. कुठे जाणार ते त्यांनाही ठाऊक नव्हते. आतून सासूचा आवाज आला.

"तानू, भित्ताड गार का गं लागतंया?"

तानू आत गेली. खाटेशी बसून तिने म्हातारीचा हात आपल्या गालाला लावला. गालही गारच होता.

त्याच दिवशी निरोप आला. उद्या सकाळी घाटावर उमेच्या बांगड्या उतरवायच्या आहेत. सुभद्राबाईंचे बोलणे होते: जिने भरल्या तिनेच येऊन फोडाव्यात. इनामदारांचे भाऊबंद म्हणत होते, थोडे थांबा. पण मुलगा गेलेली आई ती, तिला कुणालातरी आपल्याइतकेच दुखवायचे होते. आपणही तिला फार बोल लावू नये.

दिवेलागणीला तानू ओवरीत गेली. भाकरी नव्हती. घरात पीठच नव्हते.

"जाणार आहे मी उद्या," ती म्हणाली. "आता मलाच खरं वाटाया लागलंय. पर एक सांगा म्हाराज. माझा मानूस बी ह्याच पान्यात गेला. त्या वक्ताला देवाचा हात कुठं व्हता?"

महाराजांनी नदीकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"याचं उत्तर माझ्यापाशी नाही, बाई. मी पुष्कळ विचारलं. मलाही मिळालं नाही."

देवाच्या माणसाने थाप मारली नाही, एवढ्याचाच तिला आधार वाटला. ती उठली तेव्हा महाराज म्हणाले, उद्या दगड उचलण्याआधी माझ्याकडे बघ.

सकाळी घाटावर सगळे गाव जमले होते. पायरीवर उमा बसली होती, पांढरीफटक. तिने आपण होऊन दोन्ही हात तानूच्या मांडीवर ठेवले, चुड्याच्या दिवशी हात ठेवला होता तसेच. तानूला तो भार ओळखीचा वाटला आणि तिला हुंदका फुटला. तिने दगडाकडे हात नेला, आणि महाराजांकडे पाहिले.

महाराज सुभद्राबाईंसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी चिंधी सोडली. मनगटावर काच घुसल्याच्या जखमा होत्या आणि चिंधीत हिरव्या बांगडीचे दोन तुकडे.

"या चुड्यातली वाढायची ती वाढली," ते म्हणाले. "आता दुसरी वाढायची नाही."

सुभद्राबाई कडवट हसल्या. "गोसाव्याच्या काचेनं माझा मुलगा परत येणार आहे का?"

पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग पैलतीरावरून हाक आली, नाव लावा म्हणून. कोळ्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले. एका धनगराच्या खांद्यावर हात टाकून कुणीतरी उभे होते. एका कोळ्याने कुणाला न विचारता नाव लोटली. ती परत येईपर्यंत घाटावर कुणी श्वास टाकला नसेल. नाव टेकली आणि विश्वंभरपंत उतरले. दाढी वाढलेली, तापाने खंगलेले, पण जिते.

त्यांनी बसल्या जागी सांगितले ते असे. भोवऱ्याने तळाशी ओढले. शुद्ध हरपता हरपता कुणीतरी मनगट धरले. हात काटकुळा होता आणि त्यात एकच हिरवी बांगडी होती. ओढाताणीत ती फुटली, काच हातात रुतली, पण पकड सुटली नाही. पुढे कोस दोन कोस खाली एका धनगराला ते काठावर सापडले. ताप उतरेना, पाणी उतरेना, म्हणून इतके दिवस निरोप नाही. त्यांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली. आत काचेचा तुकडा होता.

तानूने तो घेतला. आपल्या भट्टीची काच तिने लांबूनही ओळखली असती. तिने तो महाराजांच्या दोन तुकड्यांशेजारी पायरीवर ठेवला. वर्तुळ पुरे झाले, कुठे फट राहिली नाही.

सुभद्राबाई कोसळून महाराजांच्या पायांशी आल्या. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मी नुसती घातली," ते म्हणाले. "भरली तिनं."

पण सुभद्राबाईंना तेव्हा मान वर करवेना. आणि तानूही थांबली नाही. ती घरी गेली, उकललेल्या भट्टीपाशी बसली आणि पोटभर रडली. एका आईला मुलगा मिळाला म्हणून रडली, आणि आपल्याला कुणी मिळाले नाही म्हणूनही रडली. त्या रडण्याचा हिशेब महाराजांनीही कधी लावला नाही.

भट्टी पुन्हा उभी राहायला नवरात्र उजाडले. कामाच्या बायका शोधून शोधून आणाव्या लागल्या. एक मिळालीच नाही. पहिल्या जाळाच्या दिवशी म्हातारीने भिंतीवर हात ठेवला आणि तो दिवसभर काढला नाही. दुपारी दारात मेणा थांबला. सुभद्राबाई उतरल्या, मागे उमा. बयजा लगबगीने पुढे झाली, तशी सुभद्राबाईंनी तिला हाताने थांबवले. त्या तानूसमोर जमिनीवर बसल्या आणि आपला हात तिच्या मांडीवर ठेवला.

तानूने बांगड्या भरल्या. मोजून झाल्यावर पेटीतून एक जास्तीची काढली आणि तीही घातली.

"उमेचा नमस्कार मी अडवला होता, तानूबाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "तो आधी माझ्याकडून घ्या."

आणि इनामदारांच्या घरची ती मानी बाई वाकली. तिचे कपाळ तानूच्या भुंड्या मनगटांना टेकले. बयजा आशीर्वाद द्यायला तोंड उघडणार होती. तानूने मान हलवली. आपले भाजलेले, काचेने चरे पडलेले दोन्ही हात तिने त्या मस्तकावर ठेवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने म्हणाली:

"अखंड सौभाग्यवती व्हा."