राखेखालचं मूळ

ग्रीस देशाच्या दक्षिणेला, भर समुद्रात, ज्वालामुखीच्या राखेचं एक बेट होतं. तिथे थेक्ला नावाची बाई आणि तिचा धाकटा भाऊ स्तामातिस द्राक्षाचा मळा करत. बेटावर पाऊस जवळजवळ नाहीच, आणि वारा असा की मांडवावरची वेल टिकायची नाही. म्हणून तिथले लोक वेल जमिनीवरच टोपलीसारखी गोल विणत. घड त्या टोपलीच्या आत वारा चुकवून पिकत.

त्यांच्या मळ्यातल्या सगळ्यात जुन्या वेलीला घड येईनासे झाले.

“ताई, ही उपटून टाकू,” स्तामातिस म्हणाला. “नवी रोपं लावू.”

“नको रे. वरची टोपली तेवढी छाटू आणि फुटव्याची वाट बघू. आजोबा तसंच करायचे.”

“आणि तोवर ही जागा रिकामीच ठेवायची? शेजाऱ्यांनी तर सगळ्या जुन्या वेली काढल्या.”

थेक्लाने कुदळ आणून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, “बरं, काढ. पण मधेच कुऱ्हाड घालू नकोस. मूळ संपेपर्यंत खण.”

स्तामातिस खणू लागला. करडी राख संपली, काळी लागली. काळीखाली विटेसारखा लाल थर निघाला. खड्डा त्याच्या डोक्यावर गेला, तरी मूळ खालीच चाललं होतं. इतक्यात कुदळ खापरावर आपटली. कुणा विसरलेल्या माणसांचा रांजण राखेत गाडला गेला होता. त्या फुटक्या रांजणाला विळखा घालून मूळ आणखी खाली उतरलं होतं.

स्तामातिसने मुळावर तळहात ठेवला. त्या कोरड्या बेटाच्या पोटात ते गार होतं, ओलं होतं.

“काय झालं रे?” वरून थेक्लाने विचारलं.

स्तामातिस खालून म्हणाला, “ताई... हिला तळच नाही गं. आणि ही जिवंत आहे.”

कुऱ्हाड खड्ड्याच्या काठावरच होती. तो वर आला आणि म्हणाला, “बुजवू या.”

त्यांनी मूळ पुन्हा झाकलं आणि वरची टोपली छाटली. वसंतात शेजाऱ्यांची रोपं हिरवीगार झाली. यांच्या वेलीच्या जागी नुसती राख. लोक हसले. मग कोरडा उन्हाळा आला. वेलींना ओलावा देणारं समुद्रावरचं धुकंही त्या वर्षी फिरकलं नाही. शेजाऱ्यांची कोवळी रोपं उभ्या उभ्या वाळली.

पुढच्या वसंतात एका सकाळी राख दुभंगून गुलाबी कोंब वर आला. बहीणभाऊ त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले.

काही वर्षांनी त्या वेलीची वाइन झाली. पहिला घोट घेताना स्तामातिसने डोक्यावरची टोपी काढली. छाटणीच्या काड्या मात्र दोघांनी घरी ठेवल्या नाहीत. हसलेल्या शेजाऱ्यांच्या मळ्यांत त्या स्वतः नेऊन लावल्या.

तात्पर्य: वरून वाळलेलं दिसलं म्हणून संपलं असं धरू नये, तोडण्याआधी ते किती खोल गेलंय हे वाकून बघावं.