सावडीबाहेरचा शिदोबा

ओढ्याकाठच्या एका गावात सावडीनं शेती चालायची. आज सगळे माझ्या रानात, उद्या सगळे तुझ्या. ज्याचं रान, त्याच्या घरचं जेवण. मजुरी कुणी मागायचं नाही, कुणी द्यायचंही नाही. शिदोबा त्या सावडीतला उमदा गडी. विळा हातात आला की तो भलरीचं गाणं धरायचा आणि बाकीचे झील ओढायचे. गव्हाचं रान कधी संपलं ते कळायचंही नाही.

पुढे गावात कापणीचं यंत्र भाड्यानं मिळू लागलं. शिदोबाचा गहू न्याहारीच्या आत कापून, मळून पोत्यात आला. "आता कशाला कुणाची वाट बघायची?" म्हणत त्यानं सावड सोडली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

पण एक-दोन सुगी गेल्या आणि त्याला करमेना. काम झटक्यात उरकायचं, दिवस मात्र सरता सरायचा नाही. बांधावर तो एकटाच भाकरी सोडायचा. पलीकडच्या रानातून हसणं ऐकू आलं की घास तोंडातच फिरायचा. आपल्याही रानात माणसं यावीत, एवढंच त्याला वाटे.

यंदा यंत्रानं कापणी झाल्यावर त्यानं पुरणपोळीचा घाट घातला आणि घरोघरी आवतण दिलं. दुपार कलली तरी कुणी फिरकलं नाही. तो तडक जुन्या जोडीदाराकडे, तायाप्पाकडे गेला.

"जेवायला बोलावलं तरी येत न्हाईस व्हय रं? एवढा राग?"

"राग न्हाई, शिदबा. तुझ्या रानात घाम गाळला न्हाई, मग जेवू कुठल्या तोंडानं?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच शिदोबा न बोलावता तायाप्पाच्या रानात विळा घेऊन हजर झाला. हाताची सवय मोडली होती. तळव्याला फोड आले, कंबर धरली.

"यंत्र रुसलं वाटतं!" एका म्हातारीनं चिमटा काढला. शिदोबा हसला आणि कापत राहिला.

दुपारी तो सगळ्यांच्या पंगतीला बसला. किती दिवसांनी पोटभर जेवला! तायाप्पानं त्याला आग्रहानं भाकरी वाढली आणि जुन्या सवयीनं हाळी दिली, "उद्या शिदबाच्या रानात रं समदी!"

"येतो की!" सगळे एका सुरात म्हणाले.

शिदोबाचे डोळे भरून आले. त्याच्या रानात कापायला आता एक ओंबीही उरली नव्हती.

तात्पर्य: आपली गरज संपली, म्हणून दुसऱ्याच्या मदतीला जाणं संपवू नये.