बर्फाची घाई

भांड्याकुंड्यांना वाचा होती, त्या काळची गोष्ट. विभावरीबाईंनी गार कॉफीसाठी डब्यातली शेवटची पूड काचेच्या भांड्यात टाकली, उकळतं पाणी ओतलं आणि वर पूड तळाशी दाबणाऱ्या जाळीच्या दट्ट्याचं झाकण ठेवलं. चार मिनिटांनी दट्ट्या दाबायचा होता. पण बाईंनी बर्फ आधीच ग्लासात काढून ठेवला, आणि तेवढ्यात बेल वाजली म्हणून त्या दाराकडे गेल्या.

"दाब लवकर," बर्फ दट्ट्याला म्हणाला. "माझे कोपरे गेले बघ."

"थांब रे," पाण्यातून पूड म्हणाली. "माझा अर्क अजून उतरायचाय."

दट्ट्या कात्रीत सापडला. पूड एकदाच बोलून गप्प झाली होती. बर्फ मात्र क्षणाक्षणाला विव्हळत होता. शेवटी दट्ट्याला राहवेना. पहिलं मिनिट सरायच्या आत तो खाली बसला आणि पूड तळाशी दाबली गेली.

बाईंनी परत येऊन चमचाभर चाखली. "हे तर नुसतं गढूळ पाणी," असं म्हणून त्यांनी भांडं सिंकमध्ये उपडं केलं आणि पाहुणीसाठी चहा टाकला.

बर्फाचा ग्लास ओट्यावर तसाच राहिला. दट्ट्याच्या डोळ्यांदेखत बर्फ दुपारभर वितळत गेला. आता मात्र त्याला कसलीच घाई नव्हती.