धुक्यातल्या मेंढीची लोकर

एका राज्यात कुठलीच गाठ सुटत नसे. गायीचं दावं बांधलं की बांधलं. शिवण उसवत नसे, वेणी उलगडत नसे, आणि तोंडातून गेलेला शब्द मागे येत नसे. तिथल्या धवलसेन राजाने एका मांत्रिकाला रान द्यायचं कबूल केलं आणि मग शब्द मागे घेतला. मांत्रिक म्हणाला, "घेतलास ना मागे? आता तुझ्या राज्यात काहीच मागे यायचं नाही, काहीच सुटायचं नाही." झालं! कुणाच्या घरचं भांडण मिटेना, त्यामुळे ते अख्ख्या आळीला तोंडपाठ.

राणी कमलजा जिभेची तिखट. मनाने वाईट नव्हे हो, पण तिखट. एका सकाळी तिचं डोकं ठणकत होतं, आणि लेक वेल्हाळा गात, पैंजण वाजवीत महालभर हिंडत होती. राणी करवादली, "उडून जा बाई कुठे तरी एकदाची!"

शब्द गेला तो गेला. पैंजण फरशीवर पडले, आणि खिडकीतून एक पिवळं पाखरू उडून गेलं.

राणीने मांत्रिकापुढे पदर पसरला. तो म्हणाला, "मेघगिरीवर धुक्यात एक मेंढी चरते. तिची लोकर धू, सूत काढ, जाळीदार शाल विण. शाल पुरी होताच लेक मिळेल. हात मात्र तुझेच हवेत."

राणी डोंगर चढली. धुक्यात मेंढी उभी होती, म्हातारी, ढगाएवढी.

"कोण गं तू?"

"मी राणी."

"असशील. कातर आणलीस का?"

राणीने एका कुशीची लोकर कातरली. मेंढी म्हणाली, "कोमट पाण्यात भिजत ठेव. ढवळू नकोस." राणीला कुठला दम! तिने खसाखसा ढवळलं, आणि लोकरीचा घट्ट गोळा बसला. त्या राज्यात बसलेला गोळा सुटणार कसा?

"घोड्याच्या पाठीवर घालायला बरा आहे," मेंढी म्हणाली, आणि तिने दुसरी कूस पुढे केली. या खेपेला राणी हात मांडीखाली दाबून बसली. मळ आपोआप खाली बसला, लोकर वर तरंगली.

मग लोकरीत रुतलेली गवताची कुसळं वेचायची होती. पहिलं उपटलं तसं ते बोललं, "काय ते पोरीचं नाक!" दुसरं म्हणालं, "तुझ्या माहेरी हेच शिकवलं वाटतं?" आवाज राणीचाच.

"हे सगळं मी बोलले?"

"मग काय मी?" मेंढी रवंथ करीत म्हणाली. "वेच. पुष्कळ आहेत."

राणीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तिने एकही कुसळ ठेवलं नाही. पिंजल्यावर लोकर वाफेसारखी फुलली. टकळीवर सूत इतकं बारीक उतरलं, की उन्हाकडे धरल्याशिवाय दिसेना.

तिसरं काम विणायचं. "धागा सुईवर आडवा घे, भोक पडेल," मेंढी सांगे. "मग दोन टाके एकात विण. जाळी म्हणजे भोकांना घातलेलं कुंपण. भोकांना भिऊ नकोस." शाल वाढू लागली, तसं पिवळं पाखरू जवळच्या करवंदीवर येऊन बसू लागलं. राणी विणता विणता त्याच्याशी बोले, आणि पाखरू मान तिरपी करून ऐके.

पण शेवट जवळ आला तशी राणी भ्याली. पाखरू भोकांतून निसटलं तर? ती भोकं लहान करू लागली, मग नुसतेच घट्ट टाके घालू लागली. शेवटचा टाका उरला, तेव्हा पाखरू शालीवर उतरलं. त्याची नखं टाक्यांत अडकली. ते फडफडलं.

"सापडली!" राणी म्हणाली.

"सापडली खरी," मेंढी म्हणाली. "टाका बंद कर, लेक मिळेल. पण अशीच अडकलेली राहील. तुझ्या पदरापलीकडे तिला पाऊल टाकता यायचं नाही."

"आणि शाल उसवली तर?"

"इथे काही उसवतं का? उसवलीच, तर पाखरू मोकळं. परत येईल की नाही, ते मला विचारू नकोस. मी मेंढी आहे."

राणीने पाखराला तळव्यात घेतलं. एवढासा जीव, केवढा धडधडत होता! तिने सुया काढून टाकल्या आणि सूत ओढलं. हलेना. पुन्हा ओढलं. हलेना.

"चुकले गं मी," राणी म्हणाली. त्या तोंडाला या शब्दाची सवय नव्हती, अडखळतच बाहेर आला.

टाका सुटला. त्यामागे दुसरा सुटला, मग ओळीच्या ओळी सरसरत उलगडल्या. पाखरू उडालं आणि धुक्यात दिसेनासं झालं.

खाली राज्यात गायींची दावी गळून पडली. नवऱ्याशी अबोला धरलेल्या बायका "जेवायला वाढू का?" म्हणाल्या. राजाने मांत्रिकाला कबूल केलेलं रान दिलं.

राणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. मांडीत सुताचा ढीग होता, आणि लोकर तशीच टाकून उठवेना, म्हणून ती गुंडाळत बसली. एकटीच्या हातून ते काम होतं का? सूत गुडघ्यावरून घसरे, पुन्हा गुंते.

धुक्यातून दोन हात पुढे आले.

"आई, मी धरते," वेल्हाळा म्हणाली. "तू गुंडाळ."

जसा त्या मायलेकींचा गुंता सुटला, तसा तुमचाआमचाही सुटो.