गिरकी आणि जात्याची खीळ

आज हुंकार कोण देणार? शमा? बरं. विनू, पाय आधी पांघरुणात घे. हं, ऐका.

एकदा काय झालं, एका उजाड माळावर एक वावटळ राहत होती. वाऱ्याची धाकटी लेक. तिचं नाव गिरकी. तिचे भाऊ कधीच लांब निघून गेले होते. एक समुद्रावर गेला, गलबतं हाकायला. एक डोंगरात गेला, ढग ढकलायला. मग आईही निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "पोरी, फिरत राहा. थांबलीस की संपलीस."

मग गिरकी फिरत राहायची. माळावर होतं तरी काय? दगड, बाभळी आणि एक टिटवी. टिटवीशी बोलायला जावं, तर ती ओरडत उडून जायची.

माळाखाली एक गाव होतं. दुपार कलली की गावातली पोरं लगोरी खेळायची. त्यांचं हसणं वर माळापर्यंत यायचं. गिरकीला वाटायचं, कुणीतरी आपल्यालाही हाक मारावी. "ए गिरके, ये गं खेळायला!" बास, एवढंच.

मग एक दिवस ती आपली आपणच गेली. आनंदानं इतकी धावली, इतकी धावली, की थेट खेळात घुसली. लगोरी पडली, टोप्या उडाल्या, सगळ्यांच्या डोळ्यांत माती.

"भूत! वावटळीतलं भूत आलं!"

पोरं थू थू करत घरात पळाली. वावटळीत भूत असतं असं तेव्हा लोकांना वाटायचं, बरं का. धाड धाड दारं लागली. रिकाम्या अंगणात गिरकी एकटीच फिरत राहिली.

तिला वाटलं, आपण रिकाम्या हातानं गेलो, म्हणून ती रुसली असतील. मग तिनं माळभर हिंडून, लांबून उडत आलेल्या सावरीच्या म्हाताऱ्या गोळा केल्या. त्या पांढऱ्या मऊ म्हाताऱ्या पकडायला पोरांना किती आवडतं! त्या घेऊन ती गेली. पण घाईघाईत म्हाताऱ्यांबरोबर बाभळीचे काटे पण आले, पाचोळा पण आला. पोरं पुन्हा पळाली. म्हाताऱ्या बंद दारांवर आपटून खाली पडल्या. एकही कुणी उचलली नाही.

तिसऱ्यांदा गेली, तेव्हा पोरं तयारच होती. गोट्या नावाचा एक दांडगा मुलगा होता. त्यानं पायातली चप्पल काढून भिरकावली. "जा गं काळतोंडे! तुला कोण घेतंय खेळायला?"

मग गिरकीला आला राग. ती गरगर फिरली. आणखी फिरली. त्या दिवशी आळीतल्या बायकांनी अंगणात कुरडया घातल्या होत्या. गहू भिजवलेले, वाटलेले, चीक हाटून हात भरून आलेले. पांढऱ्या धोतरांवर ओळीनं वाळत होत्या. गिरकीनं त्या धोतरांसकट उचलल्या आणि मातीत फेकल्या. क्षणभर तिला बरं वाटलं. मग एक बाई मट्कन खाली बसली आणि डोळ्याला पदर लावला. ते बघून गिरकीचा राग कुठल्या कुठे गेला. ती माळावर पळाली.

त्यानंतर ती खाली आलीच नाही. हसणं वर यायचं. ती कान देऊन ऐकायची आणि फिरत राहायची. आता तर टिटवीही दुसरीकडे गेली होती.

झोपलात का रे? नाही ना? मग हूं म्हणा.

एके दिवशी पहाटे गावातून आवाज आला. घर्र, घर्र. गिरकी दबकत दबकत खाली गेली. गावाच्या कडेला एक झोपडी होती. आत ठकूकाकू जात्यावर दळत होती. काकूची जीभ मिरचीसारखी तिखट. म्हणून तिच्याकडेही कुणी फारसं फिरकायचं नाही.

"आलीस का भवाने?" काकू मान वर न करता म्हणाली. "कुरडया मातीत घातल्यास. आता परत कोण घालणार? तुझा बाप?"

गिरकी म्हणाली, "चुकलं माझं. पण मला सगळे भूत म्हणतात."

"मला कजाग म्हणतात. मी कुणाचं वाळवण उडवलंय का?"

"काकू, मला खेळायचंय फक्त."

"मग दारात उभं राहून विचारावं. येऊ का म्हणावं. हो म्हणेपर्यंत थांबावं."

गिरकीला रडू फुटलं. "थांबले की मी संपते. आई म्हणालीय तसं."

काकूचा हात थबकला. तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. मग म्हणाली, "इकडे ये. हे बघ. वरचा दगड फिरतोय ना?"

"फिरतोय."

"आणि मधली खीळ?"

गिरकीनं वाकून बघितलं. "ती जागची हलत नाही."

"म्हणून जातं नीट फिरतं. घाई केली की पीठ जाडंभरडं येतं. तुला थांब कोण म्हणतंय? फीर. पण मधली खीळ हलू देऊ नकोस. आणि हळू."

मग रोज पहाटे काकू दळायची आणि गिरकी जात्याशेजारी फिरायची. काकू गुणगुणायची,

हळू फीर बाई, कशाला गं घाई,
दळण सरेल, वाट सरणार नाही.

आधी झोपडीभर पीठ उडायचं. काकूच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. ती अशा शिव्या द्यायची, की कोंबड्या पळायच्या! पण हळूहळू पीठ उडेनासं झालं.

मग एका दुपारी गिरकी, पोरं खेळायची त्या चिंचेखाली गेली आणि तिनं विचारलं, "येऊ का?"

कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती कडेला हळूहळू फिरत वाट बघायची. जवळून हसणं ऐकायला मिळालं, पण जवळून ते जास्तच बोचायचं. मग गोट्यानं पुन्हा चप्पल फेकली. गिरकीचा राग वर आला, गरगर, गरगर. तिनं मनात म्हटलं, खीळ. खीळ. हलायची नाही. आणि मग काय केलं माहितीये? तिनं ती चप्पल जमिनीवरून सरकवत सरकवत नेली आणि गोट्याच्या पायापाशी ठेवली.

गोट्याचं तोंड उघडंच राहिलं. पण "ये" असं तोही म्हणाला नाही.

मग एक दिवस असा उकाडा झाला, की झाडाचं पान हलेना. चिंचेच्या फांदीला झोळी बांधली होती. झोळीत बाळ रडत होतं. त्याची बहीण इंदी झोके देऊन देऊन दमली होती. सगळे खेळत होते आणि ती झोळीपाशी अडकली होती. कडेनं हळूच आवाज आला, "येऊ का?"

इंदीनं तिकडे बघितलं. घाबरलीच ती. मग बाळाकडे बघितलं. म्हणाली, "ये. पण हळू हं. बाळ आहे."

मग गिरकी गेली. इतकी हळू, की मातीचा कण उडाला नाही. झोळीभोवती फिरली. बाळाचं जावळ भुरुभुरु उडालं. त्याच्या घामेजल्या कपाळाला गार लागलं. ते रडायचं थांबलं आणि खुदकन हसलं.

"अगं, हिच्यात भूत नाहीये!" इंदी ओरडली. "ए गोट्या, हिला घ्या रे आपल्यात!"

गोट्यानं पायानं माती उकरली. मग म्हणाला, "चेंडू लांब गेला तर आणून देशील?"

"देईन," गिरकी म्हणाली.

काय म्हणतोस विनू? मग तिला राग यायचाच नाही? यायचा की. ती हरली की यायचा, कुणी चिडवलं की यायचा. मग ती "आलेच हं" म्हणायची, चिंचेमागे जायची, हळू फिरायची आणि परत यायची. आणि ती येईपर्यंत पोरं तिची जागा राखून ठेवायची.

पुढच्या उन्हाळ्यात आळीत पुन्हा कुरडया वाळत पडल्या. कावळे हाकलायला गिरकी होती. राखणीला बसलेली ठकूकाकू काठी बाजूला टाकून डुलकी काढायची. बायका येता-जाता काकूशी दोन शब्द बोलायच्या आणि चार ऐकून घ्यायच्या.

रात्री मात्र गिरकी माळावर एकटीच असते. अजूनही. दगड आहेत, बाभळी आहेत. पण उद्या हाक येणार हे ठाऊक असलं, की रात्र तेवढी मोठी वाटत नाही.

ती माळावर सुखात, गाव खाली सुखात. तो बघा, पडदा हलला. कुणीतरी विचारतंय. हळूच "ये" म्हणा आणि डोळे मिटा. निजा आता, बाळांनो.