चित्राआधीच लिहिलेलं रसग्रहण

एका तालुक्याच्या गावी कुमुदिनीबाई नावाच्या एक शिक्षिका होत्या. हायस्कुलात त्या मुलांना चित्रांचं रसग्रहण लिहायला शिकवत. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी प्रस्तावना, मग रंग, मग रेषा, शेवटी संदेश. प्रत्येक भागाची वाक्यं त्या मुलांकडून घोटून घेत. मुलांना पैकीच्या पैकी गुण पडत. याहून आणखी शिकवायचं ते काय, असं बाईंना वाटे.

एकदा जिल्ह्यातल्या तीस शिक्षकांसाठी प्रशिक्षण भरलं. त्यातून एकाची निवड होणार होती. निवडलेल्यानं पुढे चाळीस शाळांच्या शिक्षकांना रसग्रहण शिकवायचं होतं. या मानासाठी बाई पाच वर्षं थांबल्या होत्या. यंदा तो आपलाच, अशी त्यांची खात्री होती.

निवड करायला दाजी चितारी नावाचे वृद्ध चित्रकार आले होते. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "आज माझ्या चित्रावर लिहायचं. पण ते घेऊन येणारा टेम्पो घाटात बंद पडलाय. तोवर बसा." फळ्यावर त्यांनी चित्राचं नाव लिहिलं, 'दुपार', आणि ते फाटकाशी जाऊन उभे राहिले.

रिकामं बसणं शिक्षकांना कुठलं जमायला! एकानं पेन उघडलं, त्याचं पाहून दुसऱ्यानं. "प्रस्तावना तेवढी उरकून घेऊ," म्हणता म्हणता रंग झाले, रेषाही झाल्या. बाईंनी रखरखीत ऊन लिहिलं, पिवळ्या रंगाची दाहकता लिहिली आणि 'कष्टकऱ्यांच्या घामाला चित्रकाराने केलेला मुजरा' असा झोकदार शेवटही केला. टेम्पो आला तेव्हा तीसच्या तीस रसग्रहणं तयार होती.

दाजींनी चित्रावरचं कापड काढलं.

चित्रात ऊन नव्हतंच. दार लावलेली एक अंधारी खोली होती. दाराखालच्या फटीतून उजेडाची बारीक पट्टी आत आली होती. तिच्या टोकाशी जमिनीवर एक गोधडी होती. बस.

"अर्धा तास आहे," दाजी म्हणाले.

खाडाखोड सुरू झाली. ऊन खोडून अंधार, पिवळा खोडून काळा. शेजारचे भोईटे सर बाईंकडे वाकून म्हणाले, "बघत काय बसलात, बाई? दोन शब्द बदला की झालं! तुमचं रसग्रहण म्हणजे घडीची खुर्ची, नेऊन कुठंही मांडा."

भोईटे सर हे कौतुकानं बोलले होते. बाईंना मात्र ते झोंबलं. खरंच दोन शब्द बदलले असते तर भागलं असतं. पाच वर्षं वाट पाहिलेला मान हाती आला असता. त्यांनी कागदावर आडवी रेघ मारली, उठल्या आणि चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पंचवीस मिनिटं गेली. मग त्यांनी त्याच कागदाच्या मागे घाईघाईनं चार ओळी लिहिल्या.

दाजींनी सगळे कागद वाचले. "एकोणतीस जणांनी या चित्रात कुणाकुणाला मुजरे केलेत," ते म्हणाले. "खोलीत तर कुणीच नाही हो!" मग त्यांनी बाईंचा कागद मोठ्यानं वाचला.

'मागचा मजकूर मी चित्र न बघता लिहिला, तो धरू नये. आधी मला गोधडीखाली मूल झोपलंय असं वाटलं. जवळ गेले तर गोधडी रिकामी. तरी उजेड तिथवर येऊन थांबतो, जणू कुणाला उठवायचं नाहीये. हे रंगानं कसं साधलं, ते मला अजून कळलेलं नाही.'

"याला प्रस्तावनाच नाही," भोईटे सर पुटपुटले.

"नाही खरी," दाजी म्हणाले. "पण चित्र आहे." मग बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "चाळीस शाळांत जाल तर पहिल्या तासाला काय शिकवाल?"

बाई म्हणाल्या, "काही नाही, दाजी. सगळ्यांना आधी पेनांना टोपणं लावायला सांगेन."

"मग जा तुम्हीच," दाजी म्हणाले.

तात्पर्य: जे लिखाण कोणत्याही चित्राला चालतं, ते कोणत्याच चित्राचं नसतं; ज्याला दुसऱ्यांना बघायला शिकवायचं आहे, त्यानं आधी स्वतः थांबून बघावं.